पशुसंशोधनाचे मोजमाप : निबंधांची संख्या की दोन वेतांतील अंतर?

२०१९ च्या पशुगणनेनुसार देशात सुमारे १९ कोटी २५ लाख गोवंशीय जनावरे आणि ११ कोटी म्हशी होत्या. दूध उत्पादनात भारत जगात अग्रस्थानी आहे. मात्र प्रति जनावर उत्पादकता अद्याप कमी आहे. या तफावतीमागील एक महत्त्वाचे कारण म्हणजे जनावर वेळेवर गाभण न राहणे. म्हणूनच पशुपोषण आणि पशुप्रजनन या विषयांतील संशोधनाचे मूल्यमापन कसे करावे, हा प्रश्न आर्थिकदृष्ट्याही महत्त्वाचा ठरतो.

भाकड दिवसांचे अर्थशास्त्र

गाईचा गर्भकाळ सुमारे २८० दिवसांचा असतो. दोन वेतांतील अंतर १३ महिने, म्हणजे साधारण ३९५ दिवस राखायचे, तर विल्यानंतर ११५ दिवसांच्या आत गाय गाभण राहिली पाहिजे. माज सुमारे २१ दिवसांनी येतो. तीन माज वाया गेले की ६३ दिवस हातचे जातात. दूध आटते, वैरणीचा खर्च मात्र थांबत नाही. म्हशींमध्ये, विशेषतः उन्हाळ्यात, मुका माज आढळतो. त्यामुळे ही हानी लक्षातही येत नाही. एकदोन जनावरांवर संसार चालविणाऱ्या भूमिहीन कुटुंबाला हा तोटा सोसवत नाही.

दोन शाखा, एकच जनावर

विद्यापीठांत पोषण आणि प्रजनन हे स्वतंत्र विभाग आहेत; जनावराच्या शरीरात अशी विभागणी नसते. विल्यानंतर दूध वाढते, पण त्या प्रमाणात खाणे वाढत नाही. शरीरातील साठा खर्ची पडतो आणि बीजांडकोषाचे कार्य मंदावते. केवळ पेंढा वा कडब्यावर पोसलेल्या जनावरात स्फुरद, जस्त, तांबे यांची उणीव राहते. अशा जनावराला संप्रेरकांची इंजेक्शने देऊन किंवा वारंवार कृत्रिम रेतन करून अपेक्षित लाभ होत नाही.

या दृष्टीने बंगळूर येथील राष्ट्रीय पशुपोषण व शरीरक्रियाशास्त्र संस्थेचे कार्य उल्लेखनीय आहे. माती, चारा आणि जनावरांचे रक्त तपासून त्या त्या प्रदेशात उणे असलेल्या खनिजांचेच मिश्रण तयार करण्याची पद्धत तेथे पुढे आली. कर्नाल येथील राष्ट्रीय दुग्ध संशोधन संस्थेत १९९० मध्ये परीक्षानळी तंत्राने म्हशीचे ‘प्रथम’ हे पारडू जन्मले. ते यश मोठेच होते. तरीही सामान्य गोठ्यात मूठभर योग्य खनिज मिश्रणाची उपयुक्तता कमी लेखता येणार नाही.

निबंधसूची कशी वाचावी?

संशोधकाची बढती बहुधा प्रसिद्ध निबंधांची संख्या आणि नियतकालिकाचा दर्जा यांवर ठरते. त्यामुळे एकाच प्रयोगाचे अनेक लहान निबंध करण्याचा मोह निर्माण होतो. मोजक्या जनावरांवर, तेही संस्थेच्या गोठ्यातील, केलेला प्रयोग शेतकऱ्याच्या दारी तसाच फळ देईल, याची शाश्वती नसते. म्हणून सूची पाहताना काही प्रश्न विचारावेत : प्रयोग शेतकऱ्यांच्या जनावरांवर झाला काय? गर्भधारणेचे प्रमाण व वेतांतील अंतर नोंदले काय? प्रति जनावर खर्च मांडला काय? अयशस्वी ठरलेले उपचारही प्रसिद्ध केले काय?

मूलभूत संशोधनाला तत्काळ उपयोगितेची अट घालणे अयोग्य ठरेल. परंतु उपयोजित संशोधनावर होणाऱ्या सार्वजनिक खर्चाचा हिशेब निबंधांच्या संख्येवर संपू नये. पशुवैद्यकीय दवाखाने व दूध संस्थांनी वेतांच्या नोंदी ठेवल्या आणि त्या संशोधकांपर्यंत पोहोचविल्या, तर निबंधाचे खरे मोल गोठ्यात तपासता येईल. भाकड दिवस किती घटले, हाच या संशोधनाचा अंतिम ताळेबंद होय.