अनुदानाच्या गायी

दूधधंद्यासाठी सरकार पैसे देते, यात खोटे काही नाही. पण ते कधी देते, कशावर देते आणि तोवर कोणाच्या खिशातून जातात, हे गाय दावणीला बांधल्यावरच कळते. फलटणच्या बाजूला आमच्या थोरल्या बंधूंनी दहा संकरित गायींचा गोठा उभा केला, तेव्हा घरात सगळ्यांनी बोटांवर हिशेब करून टाकला होता. पाच लाखांचा प्रकल्प, सव्वा लाख सरकारचे, म्हणजे आपल्या डोक्यावर पावणेचार. फाइल सांभाळायचे काम माझ्याकडे होते. त्यामुळे हा हिशेब कुठे कुठे घसरला ते जवळून पाहायला मिळाले.

ती योजना म्हणजे २०१० साली सुरू झालेली, नाबार्डमार्फत राबवली जाणारी दुग्ध उद्योजकता विकास योजना. सर्वसाधारण शेतकऱ्याला २५ टक्के, अनुसूचित जाती-जमातीच्या शेतकऱ्याला ३३.३३ टक्के अनुदान. दहा जनावरांसाठी खर्चाची मर्यादा सुरुवातीला ५ लाख होती, म्हणजे २५ टक्क्यांनी फार तर १ लाख २५ हजार. निदान १० टक्के रक्कम शेतकऱ्याने घालायची आणि बाकीचे कर्ज. योजना आता बंद झाली आहे. तिच्यातली मेख मात्र बँकेच्या कर्जाला जोडलेल्या अनुदानांत आजही भेटते. पंतप्रधान रोजगार निर्मिती कार्यक्रमातही अनुदानाची रक्कम ३ वर्षे मुदत ठेवीत अडकून राहते.

मेख अशी, की अनुदान हातात पडत नाही. बँक आधी पूर्ण कर्ज देते, मग अनुदानाचा दावा वर पाठवते. रक्कम आली की ती कर्जदाराच्या नावाने वेगळ्या खात्यात ठेवली जाते. तेवढ्या रकमेवर बँकेने व्याज लावायचे नसते, पण निदान ३ वर्षे तिला हात लागत नाही आणि ती वळती होते शेवटच्या हप्त्यांत. दादांनी घरचे ५० हजार घातले, कर्ज काढले साडेचार लाखांचे, आणि पहिला हप्ता बसला तो त्या साडेचार लाखांवर. सव्वा लाख कागदावर होते, पेंडवाल्याला द्यायला नव्हते. मध्येच जमिनीचा तुकडा विकून कोणी कर्ज मिटवायला निघाला, तर ३ वर्षे भरलेली नसताना त्या अनुदानावर पाणीच सोडावे लागणार. शिवाय अशी योजना निधी असेल तोवरच चालते. दावा वर्षाच्या अखेरीस गेला तर पुढच्या तरतुदीची वाट पाहणे आले.

दुसरी घसरण बाजारात. अनुदान मोजले जाते ते ठरवून दिलेल्या किमतीवर. लोणीच्या किंवा घोडेगावच्या बाजारात व्यापाऱ्याला त्या किमतीशी देणेघेणे नसते. दुसऱ्या-तिसऱ्या वेताची, चारही सडांनी साफ पिळणारी गाय हवी असेल तर वरचे पैसे आपले, गाडीभाडेही आपले. राज्याच्या पशुसंवर्धन विभागाची दोन दुधाळ जनावरांची योजना घ्या. गायीची किंमत ७० हजार धरलेली, दोन गायींचे १ लाख ४० हजार, त्यावर ३ वर्षांच्या विम्याचे १६,८५०. एकूण १,५६,८५० रुपयांच्या निम्मे, म्हणजे ७८,४२५ रुपये, सर्वसाधारण गटाला मिळतात. बाजारात गाय ९५ हजारांना पडली तर एकूण खर्च जातो २,०६,८५० रुपयांवर, आणि ५० टक्के म्हणवणारे अनुदान प्रत्यक्षात ३८ टक्क्यांवर येते. अर्ज भरण्याआधी ही आकडेमोड वहीच्या मागच्या पानावर तरी करावी.

दादांनी दहाही गायी एकदम आणल्या. प्रवासाच्या त्रासाने दूध उतरले, दोघींना दगडी झाली. हे निभावले. खरी अडचण आली वर्षभराने, कारण सगळ्या एका हंगामात व्यायलेल्या, तर आटल्याही मागेपुढेच. डेअरीचे दहा दिवसांचे बिल निम्म्यावर आले. भाकड गायी खायच्या थांबल्या नाहीत आणि हप्ताही थांबला नाही. पाच गायी आधी, पाच सहा महिन्यांनी असे केले असते, तर दूध बारमाही राहिले असते. बँक मान्य करत असेल तर कर्जाची उचल दोन टप्प्यांतच घ्यावी, याबाबत आता आमच्या घरात दुमत नाही.

गोठ्याचे अनुदान वेगळ्या वाटेने येते. फेब्रुवारी २०२१ मध्ये आलेल्या शरद पवार ग्रामसमृद्धी योजनेत रोजगार हमीतून दोन ते सहा जनावरांच्या गोठ्याला ७७,१८८ रुपये ठरले होते. त्यासाठी माप ठरलेले: ७.७ मीटर लांब, ३.५ मीटर रुंद, गव्हाण, २५० लिटरची मूत्राची टाकी, २०० लिटरची पाण्याची टाकी. इथे पहिला फोटो लागतो तो मोकळ्या जागेचा. शेजारच्या वाडीतल्या एकाने मुहूर्त चांगला म्हणून मंजुरीचा कागद यायच्या आधीच पाया खोदून घेतला. मोकळ्या जागेचा फोटो आता काढायचा कुठून? त्याचा गोठा चांगला झाला, पण घरच्या पैशाने.

कानातल्या पिवळ्या बिल्ल्याकडेही लोक फार हलके बघतात. जानेवारी २०२४ मध्ये गायीच्या दुधाला लिटरमागे ५ रुपये अनुदान जाहीर झाले, तेव्हा जनावराचा बारा अंकी बिल्ला, त्याची ऑनलाइन नोंद आणि आधारला जोडलेले बँक खाते हे सगळे जुळणे भाग होते. गाय विकत घेतली आणि नोंद जुन्या मालकाच्याच नावावर राहिली, तर घोटाळा ठरलेलाच. विम्याचेही तसेच. बिल्ला गोठ्यात पडलेला सापडला तर तो खुंटीला अडकवून ठेवू नये, त्याच दिवशी विमा कंपनीला लेखी कळवावे. गाय मेल्यावर विमावाला आधी कान बघतो.

माझे मत विचाराल, तर अनुदानाचा पहिला अर्ज गायींसाठी करूच नये. कडबाकुट्टी, दूध काढायचे यंत्र, मुरघासाची सोय यांना दगडी होत नाही, त्या भाकडही होत नाहीत. चाऱ्याची नासाडी आणि मजुरी त्या पहिल्या महिन्यापासून वाचवतात. गायी घरच्या कालवडींतून वाढवता येतात. वेळ लागतो, पण अशी गाय बाजारातल्या गायीसारखी फसवत नाही.

आणि कर्ज घेऊनच करायचे असेल, तर सही करण्याआधी शाखेत विचारावे: अनुदान कोणत्या खात्यात राहणार, त्यावरचे व्याज कोणत्या तारखेपासून थांबणार, दावा कधी जाणार? उत्तर तोंडी घेऊ नये. अधिकारी बदलून जातात, नवा साहेब फाइल मागतो. दावा पाठवल्याच्या पत्राची पोच त्या फाइलमध्ये नसेल, तर चौकशी पुन्हा पहिल्या खिडकीपासून सुरू होते.