मशीन विकण्याआधी

नांदेड

चि. सौ. छकुलीस,


तुझ्या चुलत सासूबाई परवा इथे लग्नाला आल्या होत्या. पंगतीत माझ्या शेजारीच बसल्या. बोलता बोलता म्हणाल्या, "तुमच्या भाचीनं शिलाई मशीन विकायला काढलंय. दोरा तुटतो म्हणून रोज रडते. गोलाईच्या बाजारातला कुणी दुकानदार घरी येऊन बघूनही गेला." मला पुढचा घास गेला नाही. त्या सहज बोलल्या, त्यांना काय माहीत ते मशीन कुणाचं. तुझ्या आईला विचारलं तर ती म्हणते, मला काही बोलली नाही. फोन लावणार होते. पण फोनवर तू "हो मावशी, बरं मावशी" म्हणून मोकळी होतेस आणि मनातलं मनातच ठेवतेस. म्हणून लिहिते आहे. पत्र घेऊन मशीनपाशी बस आणि वाच.

आधी रागावून घेते, म्हणजे पुढचं नीट लिहिता येईल. ते मशीन तुझ्याकडे कसं आलं ते विसरलीस का? मोठ्या मामींनी मागितलं होतं. आजीनं सरळ सांगितलं, "ते छकुलीचं." त्यावरून घरात किती दिवस अबोला होता आणि तो तुझ्या आईनं कसा मुकाट्यानं सोसला, हे तुला मी सांगायला नको. असलं मशीन दोरा तुटतो म्हणून विकायचं? दोरा तर सगळ्यांचाच तुटतो.

आणि हे फ्री मोशन. मोबाईलवर बघून शिकतेस, त्याला माझी ना नाही. आमच्या क्लासमध्ये मशीनची एम्ब्रॉयडरी शिकवायचे ती हीच. रिंगमध्ये कापड ताणून बसवायचं, मशीनचा पाय काढायचा, दात खाली पाडायचे आणि हातानं कापड फिरवत वेलबुट्टी काढायची. तू तेच रिंगेशिवाय, चार-पाच पदरांच्या वाकळीवर करायला बसलीस, म्हणून ते जड जातंय. एरवी दात कापड पुढे ढकलतात आणि टाका सारखा पडतो. दात खाली गेले की टाका केवढा पडायचा हे तुझ्या हातावर असतं. हा हात बसायला कुणालाही वेळ लागतो. मग पहिलाच प्रयोग आजीच्या इरकली लुगड्यांवर कशाला केलास? जुन्या चादरीचे हातभर तुकडे घे, मध्ये जुना टॉवेल घाल, चारी बाजूंनी आणि मधून कच्ची शिलाई मार आणि त्यावर वाट्टेल तेवढं गिरव. लुगडी घडी घालून ठेव. ती कुठे पळून जात नाहीत.

आता दोऱ्याचं. चुलत सासूबाई म्हणाल्या, कापडाखाली दोऱ्याचा गुंता होतो आणि तू सारखी बॉबिन बदलतेस. पोरी, गुंता खाली दिसतो पण खोट बहुतेक वेळा वरच्या दोऱ्यात असते. तू पाय काढलास, तेव्हा पाय खाली करायचा मागचा खटका तसाच वर राहिला असणार. पायच नाही तर खाली काय करायचं, असं नव्या माणसाला वाटतंच. पण टेन्शनच्या चकत्या त्या खटक्यावर चालतात. खटका वर असेल तर चकत्या उघड्या राहतात, दोऱ्याला धरायला कुणी नसतं आणि तो सगळा खाली शटलमध्ये जाऊन पडतो. म्हणून पाय असो नसो, शिवताना खटका खाली. आणि दोरा ओवताना मात्र खटका वर, नाहीतर दोरा चकत्यांच्या मध्ये न बसता वरवरच राहतो. एवढं एकच करून बघ, माझ्या अंदाजानं अर्धं रडणं इथेच थांबेल.

सुरुवात करताना चाक हातानं एक फेरा फिरवून खालचा दोरा वर काढून घे. दोन्ही टोकं बोटात धरून पहिले तीन-चार टाके जागच्या जागी घाल. टोकं मोकळी सोडलीस तर तीच आत ओढली जातात. शिकेपर्यंत वर पांढरा आणि खाली लाल दोरा लाव. वरच्या बाजूला लाल ठिपके दिसले तर वरचं टेन्शन जास्त झालं, थोडं सैल कर. खाली पांढऱ्याचे ठिपके किंवा फास दिसले तर ते कमी पडलं. खालचं बघायचं तर बॉबिन केस दोऱ्याला धरून लोंबती ठेव. आपोआप सरसर उतरली तर सैल आहे, झटका दिला तरी हलली नाही तर घट्ट. हलक्या झटक्याला थोडी उतरून थांबली की बरोबर. त्या केसचा स्क्रू मोहरीएवढा असतो. फिरवायचाच असेल तर खाली ताट ठेव आणि अगदी किंचित फिरव. पण त्याला हात लावायची वेळ सहसा येत नाही.

तुटण्याचं मात्र जरा सविस्तर सांगते, कारण तिथेच तू हरलीस असं दिसतं. टाका पडतो तेव्हा सुई दोरा खाली नेते, शटल त्याचा फास पकडून बॉबिनभोवती फिरवतं आणि वरची दांडी तो परत ओढून घेते. म्हणजे दोऱ्याचा एकच भाग कापडात बसण्याआधी सुईच्या नेढ्यातून कितीतरी वेळा वरखाली घासतो. टाके जितके बारीक, तितकं घासणं जास्त. आता बघ, जावईबापूंनी मशीनला मोटर बसवून दिली, हेही मला कळलं. त्यांनी मायेनंच बसवली. पण मोटर धावते आणि तुझे हात भीतीनं जागेवर थबकतात, की टाक्यांवर टाके पडतात, दोरा पिंजतो आणि तुटतो. मग चिडून तू कापड एकदम ओढतेस, सुई वाकते, पत्र्यावर आपटते आणि आणखी तुटतं. वळणावर हात जास्त पळतो, म्हणून वाकळीच्या मागच्या बाजूला वळणापाशीच दोऱ्याचे फास लोंबत असतील. उलटून बघ, मी म्हणते तसं आहे का ते. मोटरचा पट्टा काही दिवस काढून ठेव आणि जुनी वादी चढव. पायानं चालवलं की हात आणि पाय आपोआप एका चालीत येतात. चाक मागे मात्र फिरू देऊ नकोस, त्यानंही दोरा अडकतो.

सुई कोणती लावलीस ते कळव. दोऱ्याचा नंबर वाढला की दोरा बारीक होतो आणि सुईचा नंबर वाढला की सुई जाड होते. हे उलटसुलट असल्यामुळे दुकानात भलतंच हाती येतं. वाकळीच्या जाडीला ११ नंबरची सुई चालायची नाही. १६ लाव, फारच पदर असतील तर १८. सुई पार वरपर्यंत गेली पाहिजे. तिच्या ज्या बाजूला लांब खाच आहे त्याच बाजूनं दोरा ओव. साडीचा जरीकाठ वाकळीत घेऊ नकोस, त्यानं सुईचं टोक जातं. आजीच्या डब्यातली जुनी सुती रिळं वापरत असशील तर तीही बाजूला ठेव. आठवण म्हणून ठेव, पण शिवू नकोस. दोन हातांत धरून ओढलं की पटकन तुटतो तो दोरा कुजला. मशीनची त्यात काही चूक नाही.

पत्र्याच्या भोकाभोवती सुई आपटून ओरखडे पडले असतील. पिंजलेला कापूस घे आणि भोकाच्या कडेनं हलक्या हातानं फिरव. जिथे तंतू अडकेल तिथे खरवड आहे. बारीक पॉलिश पेपरनं ती घासून काढ. शटलही उघडून बघ. जुन्या लुगड्यांची लव फार सुटते, ती तेलात भिजून आत चिकटून बसते. ब्रशनं झाड, एक थेंब तेल सोड आणि आधी चिंधीवर शिवून घे, म्हणजे तेल वाकळीवर उतरणार नाही. एवढं केलंस तर मशीन विकायची गोष्ट तू स्वतःच सोडून देशील. विकू नकोस ग ते.

तू तेव्हा नव्हतीस. १९९३ साली गणपती बोळवले आणि दुसऱ्या दिवशी, ३० सप्टेंबरला पहाटे, किल्लारीचा भूकंप झाला. आम्ही सगळे अहमदपूरला अंगणात येऊन उभे होतो. औसा आणि उमरग्याकडची गावंच्या गावं मातीत गेली. लोक पत्र्याच्या शेडमध्ये राहायला लागले आणि थंडी तोंडावर आली. तेव्हा तुझ्या आजीनं घरातली, शेजारची धोतरं-लुगडी गोळा केली आणि याच मशीनवर वाकळी शिवून तिकडे पाठवल्या. हातानं शिवलेली वाकळ जास्त मऊ असते, असं तीच म्हणायची आणि मलाही तसंच वाटतं. पण तेव्हा घाई होती. दोरा तिचाही तुटायचा. मी शेजारी बसून कापडं फाडून देत होते, म्हणून बघितलंय. तुटला की ती नुसतं नेढ्यात ओवून पुढे जात नसे. खटका वर करायची, दोरा सगळा काढून टाकायची आणि रिळापासून एकेका कडीतून पुन्हा आणायची. चष्मा नाकावर घसरलेला, ओठ घट्ट मिटलेले. मला वाटायचं, ही उगाच वेळ घालवते. पण ती वेळ वाचवत होती. चुकलेली कडी शोधत बसण्यापेक्षा पहिल्यापासून ओवणं लवकर होतं.

माझंही एक सांगते, तुझ्या आईलाही फारसं माहीत नाही. मॅट्रिक झाल्यावर मला शिवणकाम शिकायला आयटीआयला जायचं होतं. फॉर्मही आणून ठेवला होता. दादांना, म्हणजे तुझ्या आजोबांना, विचारलं. ते नाही म्हणाले नाहीत, "बघू" म्हणाले. मी दुसऱ्यांदा विचारलंच नाही. पुढच्या उन्हाळ्यात लग्न झालं. नंतर क्लास केला, गल्लीतल्या पोरींना शिकवलं, चार पैसेही मिळवले, सगळं झालं. पण दादा गेल्यावर त्यांच्या कागदांत तो फॉर्म सापडला, नीट घडी घातलेला. त्यांनी तो ठेवला होता ग. आणखी एकदा विचारलं असतं तर ते हो म्हणाले असते, असं मला आजही वाटतं. तुझ्या चुलत सासूबाई सांगत होत्या तेव्हा मला तो फॉर्मच दिसत होता. म्हणून एवढी चिडले.

आता आणखी एक गोष्ट. त्या असंही म्हणाल्या, "ती म्हणते, माझ्या हातालाच गुण नाही." मशीन विकण्यापेक्षा मला याचं जास्त लागलं. हे तुला कोण म्हणालं? कुणी बोललं असेल तर मला सांग. आणि तूच तुझ्या मनाशी ठरवलं असशील तर ते काढून टाक. आठवीत होतीस तेव्हा माझ्याकडे सुट्टीत आली होतीस. उशीच्या अभ्र्यावर साखळीटाका घालत होतीस आणि एक पाकळी वाकडी गेली म्हणून सगळं उसवून दुपारभर पुन्हा घातलंस. जेवायला हाक मारली तरी उठली नाहीस. गुण नसलेला हात असं करत नाही. तो अभ्रा अजून माझ्याकडे आहे, वापरून विटला आहे, पण साखळी एकही सुटलेली नाही.

बाळ, दोन लेकरं, घरातलं सगळं, वर शिकवण्या, आणि हे सगळं उरकून तू रात्री अकराला मशीनवर बसतेस. दमलेल्या माणसाचा हात आणि पाय एका चालीत कसे येतील? रात्री बसू नकोस. दुपारी लेकरं शाळेत असतात तेव्हा अर्धा तास बस, दिवसाच्या उजेडात, खिडकीकडे तोंड करून. आणि दोरा तुटला की उठ, पाणी पी, जरा पाठ टेक. तुझ्या आईसारखीच तुझीही कंबर धरते, हे मला माहीत आहे. खुर्ची बुटकी असेल तर खाली जाड सतरंजी घाल. जेवतेस ना वेळेवर? त्या म्हणाल्या, वाळलीस.

शाळेला नाताळची सुट्टी लागली की मी येते. अहमदपूरवरून एसटीनं, नेहमीसारखी. माझ्यासाठी काही करत बसू नकोस, भाकरी आणि ठेचा पुष्कळ झाला. सुयांची पाकिटं आणि चांगली रिळं मी इथून वजिराबादेतून आणते. बिघडलेले तुकडे फेकू नकोस, मला ते बघायचे आहेत. आपण दोघी बसू. तू पायडल मार, मी कापड धरते.

आणि हे लिहिता लिहिता मनात येतंय, की कदाचित मशीन गेलंही असेल. कधीकधी पैशाची गरज असते आणि माणूस दोऱ्याचं नाव पुढे करतं. तसं असेल तर लपवू नकोस. कुणाला सांगायचं नसेल तर मला सांग, मामींच्या कानावर जाऊ देणार नाही. मी रागावणार नाही. माझं मशीन इथे नुसतं पडून आहे, माझे गुडघे आता पायडल मारू देत नाहीत. तेच तुला देईन, आणि लुगडी त्याच्यावर शिवू.

लेकरांना पापा. जावईबापूंना आशीर्वाद सांग. उत्तर लिहायला जमलं नाही तर नुसता फोन कर, पण या वेळी "बरं मावशी" म्हणून ठेवू नकोस, जरा बोल.

तुझी,
थोरली मावशी