‘राणी’ आणि ‘जाती’ : कीटकसमाजातील आहार व आपली परिभाषा

बंगळूरच्या शिवाजीनगरात कन्नड, तमिळ व दखनी उर्दू या भाषा एकाच रस्त्यावर ऐकू येतात. मधाला तेथे कोणी जेनु म्हणतो, कोणी तेन, कोणी शहद. मराठीचा ‘मध’ चौथा. पोळ्यात अंडी घालणाऱ्या मादीला मात्र कन्नड, तमिळ आणि मराठी या तिन्ही भाषा ‘राणी’च म्हणतात. पदार्थाचे नाव ज्याचे त्याचे आणि सत्तेचे नाव सामायिक, ही गोष्ट भाषाभ्यासकाने सहज सोडून द्यावी अशी नाही.

प्राचीनांना पोळ्यात राणी नव्हे, राजा दिसला होता. प्रश्नोपनिषदाच्या दुसऱ्या प्रश्नात प्राणाला मधमाश्यांच्या राजाची उपमा आहे; ॲरिस्टॉटलनेही त्या अधिपतीसाठी पुल्लिंगी शब्दच योजला. पुढे लिंग दुरुस्त झाले, पण शब्दातील राजकुल तसेच राहिले. राणी म्हटली की ती जन्मानेच वेगळी असणार, असे वाचक धरून चालतो.

वस्तुस्थिती निराळी आहे. राणी व कामकरी या दोघीही फलित अंड्यांतूनच येतात आणि एकाच अंड्यातून यांपैकी कोणतीही घडू शकते. पहिले तीनेक दिवस दोघींच्या अळ्यांना दाई माश्यांच्या डोक्यातील ग्रंथींचा स्राव मिळतो. नंतर कामकरी होणाऱ्या अळीच्या अन्नात मध व पराग मिसळले जातात. राणी होणारीला तोच स्राव, म्हणजे रॉयल जेली, विपुल प्रमाणात मिळत राहतो. युरोपीय मधमाशीत राणी सोळा दिवसांत बाहेर पडते, कामकरी एकवीस दिवसांत. उन्हाळ्यातील कामकरी सहाएक आठवडे जगते. राणी दोन-तीन वर्षे, कधी त्याहूनही अधिक. हंगामात दिवसाला हजारावर अंडी घालणारी हीच पोळ्यातील सर्वांत दीर्घायुषी मादी. प्रजननाने आयुष्य घटते हा इतर प्राण्यांतील सामान्य अनुभव येथे उलटा पडतो.

हे अन्न नेमके काय करते? २००८ साली ऑस्ट्रेलियातील संशोधकांनी डीएनएवर मिथिल गट बसवणारे एक विकर अळ्यांत प्रयोगाने दाबले, तेव्हा त्यांपैकी बहुतेक अळ्या राणीसारख्या वाढल्या. २०१५ साली अमेरिकेत आढळले की मध-परागांतील एका आम्लामुळे अंडाशयाची वाढ खुंटते. म्हणजे राणीला काय मिळाले याइतकेच तिच्या वाट्याला काय आले नाही हेही निर्णायक ठरते. रॉयल जेलीचे ‘राजान्न’ असे भाषांतर करताना हा अभाव नजरेआड होतो.

परिभाषेची खरी अडचण याच्याही पुढे आहे. पोर्तुगीजांनी ‘कास्टा’ हा आपला शब्द भारतीय समाजाला लावला. इंग्रजीत तो ‘कास्ट’ झाला. डार्विनने १८५९ च्या ग्रंथात तो मुंग्यांच्या वर्गांसाठी वापरला. मराठीत तो ‘जाती’ म्हणून परत येतो, तेव्हा जीवशास्त्रात ‘जाती’ या शब्दाला आधीच दुसरा अर्थ चिकटलेला असतो : सातेरी ही मधमाशीची एक जाती, आणि तिच्यातल्या राणी व कामकरी याही ‘जाती’! गोंधळ एवढाच असता तर संदर्भाने निभावले असते. पण हा शब्द ‘जन्’ धातूपासून आलेला आहे. जन्माने न ठरणाऱ्या, ताटाने ठरणाऱ्या भेदाला तो जन्माचा शिक्का मारतो. आपल्या समाजात या शब्दाने जे केले ते ठाऊक असताना पाठ्यपुस्तकाने तो निर्धास्तपणे छापावा, हे खटकते. ‘वर्ग’ किंवा ‘आहारभेद’ हे शब्द रुक्ष असतील. निदान खोटे नाहीत.

शिवाजीनगरापासून काही किलोमीटरवरील भारतीय विज्ञान संस्थेत राघवेंद्र गदगकर व त्यांच्या सहकाऱ्यांनी ‘रोपालिडिया मार्जिनाटा’ या गांधीलमाशीचा अनेक दशके अभ्यास केला. तिच्यात तर राणी व कामकरी यांच्या रूपात फरकच नसतो. नुकत्याच बाहेर पडलेल्या माद्यांना एकेकटे ठेवले असता सुमारे निम्म्यांनी अंडी घातली, निम्म्यांनी नाही. या फरकाचा संबंध पोषणाशी दिसून आला. घरट्यातील राणी काढून घेतली की एखादी कामकरी एकाएकी आक्रमक होते आणि थोड्याच दिवसांत अंडी घालू लागते. तिच्या बाबतीत ‘राणी’ हे एका पदाचे नाव आहे; ते रिकामे झाले की कालपर्यंत घरट्यासाठी भक्ष्य आणणारी मादी ते भरून काढते.