लेक फोनवर मराठीत का बोलते?

मानोरा तालुक्यातल्या बंजारा तांड्यांवरच्या याडी-बापांनो,

तुमचा फोन आला की वाशिमच्या वसतिगृहातली तुमची लेक खोलीबाहेर पळते. बाहेर जाता आलं नाही, तर गोरमाटी सोडून मराठीत 'हो, जेवले, ठेवते' एवढ्यावर आटोपते. तुम्हाला वाटतं, पोरीला शहराचं वारं लागलं. तसं नाही. तिथे तिच्या बोलण्याची नक्कल होते, 'लमाणी' म्हणून खिदळतात, आणि ते तुमच्या कानावर जाऊ नये म्हणून तिची ही धडपड असते. रामनवमीला पोहरादेवीच्या यात्रेत हीच पोर तोंडभरून गोरमाटी बोलते ना?

तिने चाचरत सांगितलंच, तर आपण म्हणतो, 'लक्ष देऊ नको. शीक, मोठी हो, मग कोण बोलतंय?' वर वसंतराव नाईकांचा दाखला देतो. 1963 ते 1975 आपला माणूस मुख्यमंत्री होता, याचा मलाही अभिमान आहे. पण शिकलं म्हणून हिणवणं थांबतंच असं नाही. आदिवासी घरातल्या डॉ. पायल तडवी डॉक्टर होऊन मुंबईत पुढचं शिकत होत्या. मे 2019 मध्ये त्यांनी जीवन संपवलं. वरिष्ठांनी जातीवरून छळल्याचा आरोप झाला.

सोसत राहणं आपल्या अंगात मुरलंय, त्यालाही कारण आहे. 1871च्या कायद्याने जमातीच्या जमाती जन्मानेच गुन्हेगार ठरवल्या. तो कायदा 1952 मध्ये गेला. आपल्या जातीच्या दाखल्यावरचं 'विमुक्त जाती' त्यातूनच आलं. आजोबांना गप्प बसण्यावाचून इलाज नव्हता. नातीला आहे.

म्हणून तिला निवांत विचारा, कोण काय बोललं? मध्येच तोडू नका. 'तूच काहीतरी केलं असशील' हे तर मुळीच नको. झोप उडाली, जेवण कमी झालं, सुट्टी संपताना पोटात दुखू लागलं, तर त्याला नाटक समजू नका. 14416 या टेलि-मानसच्या क्रमांकावर समुपदेशक मराठीत, मोफत बोलतात. तिला विश्वासात घेऊन गृहपालांकडे लेखी तक्रार द्या. ऊसतोडीला गेला असाल, तर मामा-काकांना पाठवा.

आणि याडी, 'पालकसभेला येऊ नको' असं ती म्हणाली, तर मनाला लावून घेऊ नकोस. तुझ्या फेटिया-कांचळीला कुणी हसेल, याची तिला धास्ती असते. तिला सांग, 'हसू दे, मी तिथेच विचारीन.'