बर्ड्‌सव्हिलच्या वाटेवर

मुलांनो, ऑस्ट्रेलियाचा नकाशा उघडून पाहा. गावांची दाटी किनाऱ्यालगत. मध्यभाग बहुतेक मोकळा. विरळ वस्तीच्या या विस्तीर्ण अंतर्भागास तेथील लोक ‘आउटबॅक’ म्हणतात. १८४४ साली चार्ल्स स्टर्ट हा संशोधक ॲडलेडहून या प्रदेशात निघाला, तेव्हा त्याने बरोबर एक होडी घेतली होती. वाळवंटात होडी! तुम्हांला हसू येईल; परंतु त्यामागे त्याचा तर्क होता. निरनिराळ्या ठिकाणांहून पाखरांचे थवे खंडाच्या मध्याकडे जाताना त्याने पाहिले होते. तेव्हा तेथे मोठा जलाशय असलाच पाहिजे, असे त्याने ताडले. समुद्र काही सापडला नाही. अन्यत्र पाणी नसल्यामुळे एकाच पाणवठ्याकाठी त्याला सुमारे सहा महिने अडकून पडावे लागले, त्याचा सहकारी जेम्स पूल स्कर्व्हीने मरण पावला, आणि १८४५ साली वाळूच्या टेकड्यांच्या अखंड रांगांनी त्याची वाट रोखली. ती सिम्प्सन वाळवंटाची कड होती.

आज त्या वाळवंटाच्या पूर्वेस, डायमंटिना नदीकाठी, बर्ड्‌सव्हिल हे शे-सव्वाशे वस्तीचे गाव आहे. तेथून दक्षिणेस मरी गावापर्यंत ५१७ किलोमीटरची कच्ची वाट जाते. मोटारी येण्यापूर्वी या भागात ओझी वाहिली ती उंटांनी. १८६५-६६ च्या सुमारास शंभराहून अधिक उंट व त्यांचे हाकणारे कराचीहून जहाजाने ऑस्ट्रेलियात गेले. कराची त्या काळी मुंबई इलाख्यातच होती, हे ध्यानात ठेवण्याजोगे आहे.

हिवाळ्यात, म्हणजे तेथील जून ते ऑगस्ट या महिन्यांत, पुष्कळ हौशी लोक या प्रदेशात पाखरे पाहावयास येतात. कोणी एकटाच शनिवार-रविवार गाडी घेऊन आडरानात शिरतो. चारही चाकांना जोर पोचविणारी गाडी त्यास लागते. दगडगोट्यांनी भरलेल्या मैदानात टायर फाटतात, म्हणून जादा चाके दोन. वाळूत उतरण्यापूर्वी टायरांतील हवा बरीच कमी करावयाची. त्यामुळे चाक पसरते, भार विभागला जातो आणि गाडी रुतत नाही. गावापासून सुमारे ३५ किलोमीटरांवर ‘बिग रेड’ नावाची जवळजवळ ४० मीटर उंच तांबडी टेकडी आहे. तिची पूर्वेकडची बाजू उभी आहे. अशी टेकडी चढताना गाडी मध्येच थांबली, तर वळविण्याचा प्रयत्न करू नये. सरळ मागे आणावी. आडवी झालेली गाडी कलंडते. पलीकडून येणारास आपण दिसावे म्हणून गाडीवर उंच काठीला निशाण बांधलेले असते.

टेकडीवरील गवताच्या झुडपांत एक चिमुकला पक्षी उंदरासारखा धावतो. ‘आयरियन ग्रासरेन’ असे त्याचे नाव. १८७४ साली शास्त्रज्ञांना तो प्रथम मिळाला. पुढे कित्येक दशके त्याची खात्रीची नोंद झाली नाही. नदीकाठच्या झाडांवर दिवसा झोपणारी आणि रात्री उंदीर टिपणारी एक घारही या भागात आढळते. पण मन हरखते ते हिरव्या-पिवळ्या ‘बजरिगारां’चे थवे पाहून. आपल्याकडे पिंजऱ्यात ठेवतात व पुष्कळजण ज्यांना चुकीने ‘लव्हबर्ड’ म्हणतात, तीच ही पाखरे. निळे, पांढरे रंग माणसाने निपजविले. रानातला रंग हिरवाच. हजारोंचा थवा एकदम वळला, की आकाशात जणू हिरवी लाट उसळते. असा थवा संध्याकाळी खाली उतरला, की जवळपास पाणी असण्याचा संभव असतो.

मग स्टर्टचा तर्क चुकला कोठे? माझ्या मते पाखरांनी त्यास खोटे सांगितले नव्हते. उत्तरेकडे मोठा पाऊस पडला, की डायमंटिनाचे पाणी कित्येक आठवड्यांनी काटी थांडा, म्हणजेच आयर सरोवरात पोचते, आणि एरवी मिठाने पांढरे पडलेल्या त्या खोलगट भागात हजारो पाणकोळी दूरच्या किनाऱ्यावरून येऊन घरटी करतात. १९७४ साली ते तुडुंब भरले होते. पाणी असते, पण वर्षानुवर्षांनी येते. जे कायमचे पाणी होते, ते वांगकांगुरू लोकांना ठाऊक होते. वाळूत खोल खणलेल्या त्यांच्या विहिरींना ‘मिकिरी’ म्हणत.

अनोळखी माणसास ते सापडत नाही. १९६३ च्या डिसेंबरात, ऐन उन्हाळ्यात, याच वाटेवर एका कुटुंबाच्या गाडीतील इंधन संपले. पाणीही संपले. ती पाचही माणसे मरण पावली. म्हणून जाणते लोक सांगतात, की गाडी बंद पडली तरी तिला सोडून जाऊ नये. तिची सावली मिळते, आणि शोधणाऱ्या विमानास पायी चालणाऱ्या माणसापेक्षा गाडी लवकर दिसते. एकट्याने जाणारा तर रोजचे दहा लिटर पाणी, त्यावर आणखी काही दिवसांचे, उपग्रहावरून चालणारा दूरध्वनी व संकटसूचक यंत्र घेतल्याशिवाय निघतच नाही. आपली वाट आणि परतीची वेळ तो गावात कोणास तरी सांगून ठेवतो. उन्हाळ्यात सिम्प्सन वाळवंटातील राखीव प्रदेश प्रवाशांना बंदच असतात.

रविवारी दिवस मावळण्यापूर्वी तो घट्ट रस्त्यास लागतो, थांबून टायरांत पुन्हा हवा भरतो आणि गावात शिरताच ज्याला वेळ सांगितली होती त्याला प्रथम ‘आलो’ म्हणून कळवितो. पाखरांची वही त्यानंतर उघडते.