पहाटेपर्यंत पुरेल असा कॅमेरा

नंदुरबार,
माघ वद्य पंचमी

चि. भाचीस,


तुझा मेसेज वाचला. दोन ओळींत उत्तर देता आलं असतं, पण शिकवण्या घेऊन पैपै जमवलेले पैसे तू यात घालणार आहेस. म्हणून सविस्तर लिहायला बसलो.

धुळ्याच्या दुकानातला नवा कॅनन १५००डी घ्यावा, की सुरतेला कुणी विकायला काढलेला निकॉन डी३५००, असं तू विचारलं आहेस. दोन्हींची किंमत तुझ्या आवाक्यातली आहे. गेले पंधरा दिवस तू दोघांचे आकडे वहीत समोरासमोर मांडते आहेस आणि रोज तुझं मत बदलतं आहे. ते बदलणारच, कारण दोघांत फरक थोडा आहे. दोन्ही २०१८ सालचे. एक २४.१ मेगापिक्सेलचा, दुसरा २४.२ चा. दोन्हींचा सेन्सर एपीएस-सी, निकॉनचा कणभर मोठा. दोन्हींच्या व्ह्यूफाइंडरमधून चौकटीचा ९५ टक्के भाग दिसतो. फोकसचे बिंदू कॅननला ९, निकॉनला ११, पण अंधारात भरवशाचा असा क्रॉस-टाइप बिंदू दोघांतही एकच, मधला. दोन्हींबरोबर १८-५५ ची किट लेन्स. भरदुपारी यशवंत तलावाच्या काठावरून दोन्हींनी तोच फोटो काढलास आणि मोठे प्रिंट माझ्यापुढे ठेवलेस, तर इतकी वर्षं स्टुडिओत काढूनही मला ते ओळखता येणार नाहीत.

आता जिथं फरक आहे ते बघ. निकॉन सेकंदाला ५ फोटो काढतो, कॅनन ३. निकॉनची बॅटरी एका चार्जिंगमध्ये १५५० फोटो देते असं कंपनी सांगते, कॅननची ५००. काळोख्या भागातला तपशील निकॉनच्या फाइलमधून जरा जास्त स्वच्छ वर काढता येतो. उलट कॅननला वाय-फाय आहे, फोटो लगेच मोबाइलवर घेता येतो. निकॉनमध्ये फक्त ब्लूटूथ, त्यावरून आपोआप येतात ते लहान आकाराचे फोटो. आणि कॅनन तुला कोरा, बिल-वॉरंटीसकट मिळतो आहे. डी३५०० बनवणं कंपनीनं थांबवलं आहे.

हे आकडे वाचून ठरत नसेल तर वही मीट आणि स्वतःला एक विचार : मी फोटो कशाचे काढणार? तू लिहिलं आहेस, यंदा काठी गावची होळी टिपायची आहे. मग निवड तिथूनच सुरू कर.

काठीला मी पहिल्यांदा कॅमेरा घेऊन गेलो तेव्हा खांद्यावर फिल्मचा कॅमेरा होता आणि खिशात दोन रोल, म्हणजे ७२ फ्रेम. ढोल सुरू झाले. मोरपिसांचे टोप घातलेले, अंगावर राखेचे ठिपके काढलेले, कमरेला घुंगरं बांधलेले बावा नाचायला लागले आणि मी फ्लॅशवर फ्लॅश मारत सुटलो. रात्री दोनच्या सुमाराला दुसरा रोल संपला. मग पहाट झाली. उंच बांबूची होळी पेटली. मागं सातपुड्यावरचं आभाळ काळ्याचं निळं होत होतं, पुढं जाळाचा केशरी उजेड, आणि त्या दोन उजेडांच्या मधे आपली माणसं. माझ्याकडे एकही फ्रेम उरली नव्हती. रोल धुऊन आल्यावर पाहिलं तर फ्लॅशनं जाळाचा रंगही खाऊन टाकला होता. पांढरेफटक चेहरे आणि मागं काळा पडदा. असे फोटो तर मी स्टुडिओतही काढत होतो.

त्या रात्रीनंतर कुणीही कॅमेऱ्याबद्दल विचारलं की माझ्या मनात आधी हेच येतं : हा पहाटेपर्यंत पुरेल का? बॅटरीनं, उजेडानं आणि पैशानंही.

उजेडाचं आधी सांगतो, कारण निवड तिथंच होते. किट लेन्स ५५ वर नेलीस की तिचं अ‍ॅपर्चर एफ ५.६ च्या पुढं उघडत नाही. ५० एमएमची एफ १.८ ची लेन्स त्याच्या जवळजवळ दहापट उजेड आत घेते. जिथं किट लेन्सला सेकंदाचा १५ वा भाग लागतो, तिथं हिला साधारण १५० वा भाग पुरतो. १/१५ ला नाचणारा बावा म्हणजे नुसता रंगाचा फराटा, १/१५० ला त्याच्या टोपातलं पीसन्‌पीस दिसतं. या दोन कॅमेऱ्यांच्या सेन्सरमधला फरक एका स्टॉपच्या, म्हणजे दुप्पट उजेडाच्या, आतला आहे, लेन्समधला तीन स्टॉपहून जास्त. म्हणून सांगतो, दोन बॉड्यांमध्ये निवड करू नकोस. तुझ्या पैशांत कोणत्या बॉडीबरोबर उजेडाची लेन्स बसते ते बघ.

कॅननची ५० एमएम एफ १.८ एसटीएम ही त्यांच्या सगळ्यात स्वस्त लेन्सपैकी एक आहे आणि १५००डी वर तिचा ऑटोफोकस चालतो. निकॉनची त्या तोडीची ३५ एमएम एफ १.८ जी नवी घेतलीस तर महाग पडते. हा हिशेब केला की माझं मत कॅननकडे झुकतं : नवा १५००डी, जोडीला ती ५० एमएम आणि एक जास्तीची बॅटरी. धडगाव-मोलगीकडच्या पाड्यांवर वीज केव्हा जाईल याचा नेम नसतो हे तुला मी सांगायला नको. बॅटरीतला निकॉनचा मोठेपणा दुसऱ्या बॅटरीनं बराच भरून निघतो, लेन्सची उणीव मात्र कशानंही भरून निघत नाही. पण सुरतेचा माणूस डी३५०० बरोबर ती ३५ एमएम देत असेल आणि सगळं तुझ्या पैशांत बसत असेल, तर निकॉन घे. मग माझं मत तिकडं.

एक गोष्ट मात्र माझ्याकडूनच सुधारायला हवी. कपाटातली निकॉनची जुनी ५० एमएम मी तुला द्यायचं कबूल केलं होतं. ती डी मालिकेतली आहे. तिच्यात फोकसची मोटर नाही, ती मोटर बॉडीत असावी लागते आणि डी३५०० च्या बॉडीत ती नाही. लेन्स बसेल, उजेड मोजला जाईल, पण फोकस हातानं फिरवावा लागेल. बसलेल्या आजीचा फोटो काढायला तेवढं पुरेल, ढोलाच्या तालावर उडणाऱ्या माणसाला नाही. तेव्हा मामाची लेन्स आहे म्हणून निकॉन, असा विचार केला असशील तर तो काढून टाक.

सुरतेला बघायला गेलीसच तर नुसता बाहेरचा चकचकीतपणा बघून येऊ नकोस. एक फोटो काढून मूळ फाइल घरी आण. शटर आजवर किती वेळा उघडलं त्याची नोंद निकॉन त्या फाइलमध्येच करतो. अ‍ॅपर्चर एफ १६ वर नेऊन मोकळ्या आभाळाचा फोटो काढ, सेन्सरवर धूळ असली तर ठिपके दिसतील. लेन्समधून टॉर्च मार. आत कोळ्याच्या जाळ्यासारखं काही दिसलं तर ती बुरशी आहे, कितीही स्वस्त असली तरी ती लेन्स घेऊ नको. आणि दोन्ही कॅमेरे हातात धर. निकॉनची मूठ खोल आहे, काहींच्या हाताला ती बरी वाटते. रात्रभर हातात राहायची वस्तू आहे ती.

तू असंही विचारलं आहेस की सगळे मिररलेसकडे जात असताना डीएसएलआर घेणं शहाणपणाचं का. शिकण्यासाठी आहे. अ‍ॅपर्चर, शटर, आयएसओ या तिघांचं नातं दोन्हीकडे सारखंच. शिवाय कॅननची ही लेन्स उद्या अ‍ॅडॉप्टर लावून त्यांच्या मिररलेसवरही फोकस करते, म्हणजे त्यात घातलेला पैसा वाया जात नाही.

होळीला अजून साडेतीन आठवडे आहेत. कॅमेरा आला की तोवर रोज हात बसव. पहिला धडा मिरचीच्या पथारीवर. आपल्या नंदुरबारच्या पथारींवर सध्या लाल मिरची वाळते आहे. तिथं कॅमेरा फसतो. नुसत्या लाल रंगात तपशील लवकर जळतो आणि फोटोत मिरच्यांऐवजी लाल चिखल येतो. एक्स्पोजर अर्धा-पाऊण स्टॉप खाली घे, हिस्टोग्राममध्ये लाल रंगाचा वेगळा आलेख बघ, फाइल रॉमध्ये ठेव. आणि तिथं लेन्स बदलू नकोस, तिखटाची धूळ आत जाईल.

दुसरा धडा चेहऱ्यांचा. कॅमेऱ्याचं मीटर समोरचं सगळं मधल्या करड्या छटेवर आणायला बघतं. सारंगखेड्याच्या यात्रेत पांढराशुभ्र घोडा फोटोत मळकट का आला, असं तू मागं विचारलं होतंस, त्याचं कारण हेच. तिथं एक स्टॉप वर जायचं. रात्रीच्या काळोखात उभ्या सावळ्या माणसाच्या बाबतीत याच्या उलट : मीटर अंधाराला उजळायला जातं आणि चेहरा फिका पडतो. तिथं एक स्टॉप खाली. आपल्या माणसांचा रंग जसा आहे तसा यायला हवा. त्यांना गोरं करण्याचं काम मी स्टुडिओत फार वर्षं केलं, गिऱ्हाईक मागायचं म्हणून. तू ते करू नकोस.

तिसरा धडा रात्रीचा. घरच्या चुलीसमोर आजीला बसव. फ्लॅश बंद. आयएसओ ३२००, अ‍ॅपर्चर एफ २, फोकसचा मधला बिंदू तिच्या जवळच्या डोळ्यावर. एवढ्या उघड्या अ‍ॅपर्चरला डोळा स्पष्ट आणि कान धूसर येतो, म्हणून डोळा चुकला तर फोटो गेला. चुलीसमोर शंभर फोटो काढशील तेव्हा काठीला हात आपोआप चालेल.

आता शेवटचं आणि माझ्या मनातलं. काठीला हल्ली मुंबई-पुण्याहून, त्याच्याही पलीकडून फोटो काढणारे येतात. त्यांच्याकडे तुझ्या दोन्ही कॅमेऱ्यांपेक्षा मोठे कॅमेरे असतील. त्यांना बघून खट्टू होऊ नकोस. बावा होणारा माणूस दिवसचे दिवस व्रत पाळतो, तू ते घरात बघत वाढली आहेस. कुणाच्या पुढं कधी कॅमेरा धरायचा आणि कधी खाली घ्यायचा हे तुला शिकवावं लागणार नाही. होळीआधीच्या भोंगऱ्या बाजारातच ज्यांना टिपायचं त्यांना भेट, कॅमेरा दाखव, विचार. नाही म्हणाले तर नाही.

आणि खर्चाच्या यादीत माझ्यासाठी एक ओळ वाढव : ५० प्रिंट, ४ बाय ६ चे. लेन्सच्या पिशवीत, मेमरी कार्डात काटकसर कर, पण हे पैसे बाजूला ठेव. मी ज्यांचे फोटो काढले त्यांतल्या फार थोड्यांना कागद मिळाला. दर होळीला कुणीतरी विचारायचं, आमचा फोटो कुठंय? मी म्हणायचो, पुढच्या वेळी. आपल्या होळीचे फोटो कुठं कुठं छापून येतात, पण आपल्या पाड्यांवरच्या कुडाच्या भिंती अजून रिकाम्या आहेत. ते माझ्याकडून राहिलं. तू प्रिंट घेऊन परत जा. ज्याच्या हातात त्याचा फोटो पडेल, तो पुढच्या वर्षी तुला हाक मारून पुढं घेईल.

होळीच्या रात्री पहिली बॅटरी अर्ध्यावर आली की थांब, भाकरी खा, थोडी बस. सगळं मध्यरात्रीच्या आत संपवू नकोस. दुसरी बॅटरी आणि कार्डावरची मोकळी जागा पहाटेसाठी राख. होळी पेटेल तेव्हा मी तुझ्या शेजारीच उभा असेन. त्या वेळचा एक फोटो मला हवा आहे. कागदावर दे.

आईला नमस्कार सांग. कॅमेरा घेतलास की आधी आजीला दाखव.

तुझा
मामा