विज्ञानाचा वर्ग आणि शिक्षकाची ओळख

विज्ञानाला जात नाही, लिंग नाही, हे खरे. परंतु ते शिकविणारा माणूस असतो आणि शिकणाराही माणूसच. फळ्यापाशी कोण उभे आहे, हे पाहून ‘ही विद्या आपल्यासारख्यांची आहे की नाही’ याचा निवाडा पुष्कळ मुले मनातल्या मनात करून टाकतात.

कमला भागवत, म्हणजे पुढच्या डॉ. कमला सोहोनी, यांचा जन्म १९११ साली इंदूरचा. वडील व चुलते रसायनशास्त्रज्ञ. तेव्हा ही विद्या त्यांच्या घरचीच होती. १९३३ साली पदवी घेऊन त्यांनी बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत अर्ज केला. संचालक सर चंद्रशेखर वेंकट रामन यांनी, त्या स्त्री म्हणून, तो नाकारला. कमलाबाई हटल्या नाहीत. अखेर वर्षभर काम पारखण्याच्या अटीवर प्रवेश मिळाला. तेथे श्रीनिवासय्या या गुरुजींनी त्यांना आस्थेने शिकविले. त्यांचे काम पाहून रामन यांचेही मत पालटले. १९३९ साली त्यांनी केंब्रिजची डॉक्टरेट मिळविली. येथे दार अडविणारा पुरुष होता, तसा वाट दाखविणाराही पुरुषच होता, हे विसरू नये.

मात्र घरी असा आधार नसलेल्या मुलीचे काय? अमेरिकेच्या वायुसेना अकादमीत विद्यार्थ्यांना प्राध्यापक निवडता येत नाही. वाटणी दैवाधीन असते. तेथील अभ्यास २०१० साली प्रसिद्ध झाला. प्राध्यापिका लाभल्यास गणित-विज्ञानात मुलींची प्रगती स्पष्टपणे सुधारली, आणि गणितात हुशार मुलींना तिचा सर्वांत अधिक लाभ झाला. मुलांवर फारसा परिणाम झाला नाही. आंध्र प्रदेशच्या प्राथमिक शाळांविषयी २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासातही, शिक्षिकेच्या वर्गात मुली अधिक शिकल्या आणि मुलांचे काही बिघडले नाही, असे आढळले.

याचे कारण गूढ नाही. शिक्षक ज्याच्याकडून उत्तराची अपेक्षा धरतो, त्यालाच प्रश्न विचारतो. आडनाव ऐकून ज्याची अपेक्षाच सोडली, तो मागच्या बाकावर गप्प बसतो. आणि त्या गप्प बसण्यालाच आपण ‘बुद्धी कमी’ असे नाव देतो.

तात्पर्य दोन. ज्या घरांतून आजवर विज्ञानशिक्षक झाले नाहीत, तेथील मुलामुलींना शिक्षक होण्यास साहाय्य करावे. एका शिष्यवृत्तीचे फळ मग अनेक वर्गांना मिळेल. आणि तोवर प्रत्येक गुरुजींनी आज कोणाला प्रश्न विचारला नाही, याचा हिशेब रोज संध्याकाळी स्वतःशी करावा.